शाळवातला माळढोक

वर्षभर सांगलीत माझी ओळख 'माळढोक बघितलेला माणूस' अशी होती. ती मीच करून दिलेली. नव्वद सालानंतरची गोष्ट. जुनी जीप घेतली होती आणि दर रविवारी दुर्बीण गळ्यात अडकवून सातारच्या दुष्काळी माळांवर दुर्मिळ पक्षी शोधत हिंडायचं वेड लागलं होतं. तिथे एकदा शाळवाच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, रानात तो दिसला. पांढरी मान, काळी टोपी, रुबाबदार. बुजेल म्हणून मी गाडीतून उतरलोच नाही. तासभर तो जागचा हलला नाही. वहीत मी लिहिलं, 'अत्यंत संयमी पक्षी.'

आता सोमवारी गावातल्या एका शाळेत याच माळढोकावर माझं व्याख्यान ठरलं होतं. तेवढ्यात मेव्हणे रजेवर आले. पलटणीत सुभेदार, ऐकीव गोष्टीवर विश्वास नाही.

"दाजी, आदी आमाला दावा, मग पोरांस्नी सांगा."

रविवारी सौ.सकट तिघं निघालो. वाटेत दिसेल त्या चिमणीला मी चंडोल म्हणत होतो. माळावर पोचलो, आणि काय सांगू, पक्षी हजर. त्याच जागी, त्याच बाजूला तोंड करून.

मेव्हण्यांनी दुर्बीण लावली. "दाजी, टार्गेट हलंना."

"तेच तर त्याचं वैशिष्ट्य."

"अहो, त्याच्या डोक्यावर कावळा बसलाय," मागून सौ. म्हणाली.

"पक्ष्यांत सहजीवन असतं," मी म्हणालो.

बांधावरून एक बाई वैरणीचा भारा घेऊन आल्या. काय बघताय, म्हणाल्या. मी बोट दाखवलं.

"त्ये व्हय? पिकाला नजर लागू नये म्हनून मडकं लावलंय. काठीला सासऱ्याचं धोतार गुंडाळलंय. गेल्या साली बी एक सायेब असंच गाडीत बसून बगत हुते, लय येळ. वहीत लिवत बी हुते. आमाला वाटलं, जमिनीची मोजणी आली."

सोमवारी मेव्हणे शाळेत पहिल्या बाकावर येऊन बसले, कडक इस्त्रीत. मी उभा राहिलो, त्यांच्याकडे बघितलं, आणि मुकाट्यानं पोरांना मडक्याची गोष्ट सांगितली. पोरं पोट धरून हसली. शेवटी एका मुलीनं विचारलं, "मग खरा माळढोक ओळखायचा कसा?"

मी उत्तर जुळवत होतो. तोवर पहिल्या बाकावरून आवाज आला.

"गाडीतनं खाली उतरून."