बाकावर बसून राहणारा

पंच्याऐंशी-शहाऐंशीची गोष्ट. अंधेरीच्या आमच्या चर्चमध्ये रविवारी ख्रिस्तप्रसाद घ्यायला सगळे रांगेत उभे राहत, तेव्हा कारखान्यात लेथ चालवणारा एक जण कधीकधी बाकावरच बसून राही; मनात पाप किंवा कुणाबद्दल राग असताना तो प्रसाद घ्यायचा नाही, असा आमच्यात नियम. विचारलं तर लाजत नसे.

"आज नाय रे. सकाळी बायकोला वाट्टेल ते बोललो. आधी तिची समजूत काढतो, मग पुढच्या रविवारी येतो."

हे एवढ्या मोठ्याने सांगे, की मागच्या बाया हसत.

मी वेदीजवळ उभं राहून शास्त्रवाचन करणारा, इस्त्रीच्या शर्टातला. इतकं खरं बोलणं मला कधी जमलं नाही. त्या हेव्यापोटी मीच आवारात कुजबुज सोडली, की त्याने बाई ठेवलीय, म्हणून तो उठत नाही.

ते, आणि ते मीच सोडलंय हेही, त्याच्या कानावर गेलं. तो सलग तीन रविवार बसून राहिला. लोकांना पुरावाच मिळाला. चौथ्या रविवारी रांगेत माझ्या मागे येऊन म्हणाला, "तुझ्यावर भारी राग होता रे. आज गेला बघ."

त्या तिन्ही रविवारी मी रांगेत पहिला होतो.

बाई वगैरे कुणी नव्हती. ती मी रचली. हे तेव्हाच सगळ्यांसमोर सांगायला हवं होतं. माझ्या जागी तो असता तर सांगून मोकळा झाला असता, आणि त्याचाही मला अजून हेवा वाटतो.