कमांड तुझ्याकडे

मी हवालदार म्हणून रिटायर झालो. वानखेडे सुभेदार म्हणून. आम्ही दोघं एकाच दिवशी भरती झालो होतो. फायरिंगमध्ये मी त्याच्या पुढे, धावण्यातही पुढे. पण त्याचा आवाज असा होता की तो बोलला की माणसं उठून उभी राहत. फौजेत त्याला आवाजाची किंमत मिळाली. मला फक्त नेमाबद्दल शाबासकी मिळाली.

गेल्या मे महिन्यात पलटणीच्या स्थापना दिवसासाठी आम्ही इंदूरहून एकत्र निघालो. मी मल्हारगंजातून आलो, तो महूहून. शहर मागे पडलं आणि एका छोट्या स्टेशनावर गाडी थांबली. इंजिन फेल. दुपारची वेळ. पत्र्याचं एक शेड, नळ कोरडा, अनाउन्समेंट नाही. लोक डब्यांतून खाली उतरले. लहान मुलं रडत होती.

स्टेशनावर एकच कर्मचारी होता. वानखेडेनं त्याला विचारलं, "पाणी कुठे मिळेल?"

"भिया, ऊपर से कोई आर्डर नहीं आया," तो म्हणाला आणि आत जाऊन बसला.

वानखेडे माझ्याकडे वळला. "तायडे, गाव बघ. पाणी आण. सोबत चार जवान घे."

जवान कसले, इंदूरच्या भंवरकुआंला कोचिंग क्लासला जाणारी पोरं होती ती. पण त्याच्या तोंडून 'जवान' ऐकताच चौघं पुढे आली. मी बोललो असतो तर हसली असती.

आम्ही गावातल्या हँडपंपावरून बादल्या भरून आणल्या, पुन्हा पुन्हा. ऊन डोक्यावर होतं. इकडे त्यानं म्हाताऱ्यांना शेडखाली बसवलं होतं, बायकामुलांची लाइन लावली होती, फोनवर कंट्रोल रूमला झापत होता आणि सवयीनं शेवटी "ओव्हर" म्हणत होता. लोक हसत होते. एक बाई माझ्या हातातून पाणी घेत म्हणाली, "देव पावला हो! ते फौजीजी नसते तर आम्ही मेलोच असतो." ते फौजीजी म्हणजे तो. बादली माझ्या हातात होती.

मी ग्लास भरून त्याच्यापुढे धरला. "साहेब, आधी तुम्ही प्या."

"पहले पब्लिक," तो म्हणाला आणि तो ग्लास एका म्हातारीला दिला. दुसराही दिला. मला राग आला. इथेही याला मोठं व्हायचंय.

थोड्या वेळानं तो खांबाला टेकून खाली बसला. चेहरा लाल, अंगाला घामाचा टिपूस नाही. मी त्याच्या डोक्यावर बादली ओतली. त्यानं माझं मनगट धरलं.

"सगळ्यांना मिळालं?"

"मिळालं."

"तायडे, कमांड तुझ्याकडे."

सबंध नोकरीत जे ऐकायचं होतं, ते मी तिथं ऐकलं. मी ओरडलो, "जागा करा! चादर धरा! गाडी बघा कोणाची तरी!" लोकांनी सगळं केलं. पण माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. सगळे त्याच्याकडे पाहत होते.

गावातल्या एका जीपमधून आम्ही त्याला इंदूरला आणलं. दवाखान्याच्या दारातच तो गेला.

महूला अंत्ययात्रेत ती कोचिंगची पोरं आली होती. ती पाणी घेणारी बाईसुद्धा. वहिनींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "माझ्यासाठी काही म्हणाले का?"

खोटं बोलणं जमलं नाही. "नाही, वहिनी. सगळ्यांना पाणी मिळालं का, एवढंच विचारलं."

त्यांनी डोळे पुसले, मान हलवली. "तसेच होते ते," म्हणाल्या.

माझ्यामागे माझ्याबद्दल इतक्या खात्रीनं कोणी काही म्हणेल का, ठाऊक नाही. मी त्याला सॅल्यूट केला. हात खाली येईपर्यंत मला त्याचा हेवाच वाटत होता.