भाऊबीज ते लाभपाचम

हंस तारकासमूहात एक अंधूक तेजोमेघ आहे. त्याचा आकार उत्तर अमेरिकेच्या नकाशासारखा दिसतो. मेक्सिकोच्या आखाताची कडा त्यात सर्वांत ठळक. ती कडा सुरतेतून फिल्मवर उतरवायची, एवढंच मी ठरवलं होतं. दोन हिवाळे गेले होते. प्रत्येक निगेटिव्हवर धुरकट आभाळच आलं होतं.

दाजी पांडेसऱ्याच्या एका कापड रंगवणाऱ्या प्रोसेस मिलमध्ये बॉयलरवर होते. तिसऱ्या वर्षी मी त्यांना विचारलं, चिमण्या कधी थंड होतात?

"धनतेरसला बंद. लाभपाचमला, भाऊबीजेनंतर तिसऱ्या दिवशी, पूजा करून चालू," ते म्हणाले. "तेवढे दिवस आभाळ तुझं."

पण लक्ष्मीपूजन आणि पाडवा फटाक्यांच्या धुरात गेले. भाऊबीजेला संध्याकाळी वारा सुटला. चंद्रकोर मावळली आणि पावणेआठला ताईच्या डिंडोलीतल्या गच्चीवरून पश्चिमेकडे हजीऱ्याच्या गॅस कारखान्यांच्या ज्योतीचा तांबूस पट्टा सोडला, तर आभाळ मोकळं होतं. दुर्बिणीला कॅमेरा जोडलेला होता, मध्ये गडद लाल फिल्टर. मी शटर उघडलं. आता चाळीस मिनिटं तिच्यावरच बसवलेल्या छोट्या दुर्बिणीला डोळा लावून एक तारा भिंगातल्या फुलीवर धरून ठेवायचा होता. तारा सरकला की हाताने दुर्बीण वळवणारी खुंटी फिरवायची. नऊनंतर गल्लीत पुन्हा फटाके सुरू होणार होते आणि तेजोमेघ शहराच्या उजेडाकडे उतरणार होता.

वीस मिनिटांनी ताई ताट घेऊन जिन्यात आली. निरांजन पेटलेलं होतं.

"पाट मांडलाय. चल."

"दिवा आत ने, ताई. फिल्म उघडी आहे. वीस मिनिटं."

"सकाळपासून पोटात काही नाही माझ्या."

"मग विझव आणि बस इथे."

"ओवाळायचा दिवा विझवू? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

खालून दाजींचा आवाज आला. "मिलचा बॉयलर बंद केला, आता बायकोचा दिवाही बंद करायला सांगतोय हा."

ताई खाली गेली नाही. गच्चीचं दार तिने ओढून घेतलं आणि पलीकडे जिन्याच्या पायरीवर पदराच्या आडोशाने दिवा धरून बसली. मधूनमधून विचारत होती, "झालं?" मी नाही म्हणत होतो. डोळ्यातून पाणी येत होतं, पण तारा फुलीवर होता. शटर बंद केलं तेव्हा घड्याळात साडेआठ वाजत होते. तिने मला जिन्यातच ओवाळलं. निरांजनात तूप जेमतेम उरलं होतं.

दुसऱ्या दिवशी न्हाणीघरात फिल्म धुतली. निगेटिव्हवर एक पुसट वळलेली रेघ होती. आखाताची कडा असावी. पण ओरखडाही असू शकत होता, फिल्टरवरचा डागही. एका निगेटिव्हवर विसंबता येत नव्हतं. लाभपाचमेला दोन दिवस उरले होते.

त्या संध्याकाळी चंद्र उशिरा मावळला. साडेआठला मी दुसरी फ्रेम सुरू केली, मुद्दाम दुर्बीण किंचित बाजूला सरकवून. डाग असता तर तो फ्रेममध्ये जागच्या जागी राहिला असता. गल्लीतला धूर मधे येऊन गेला, तरी खुंटी सोडली नाही.

ती फिल्मही धुऊन दोन्ही निगेटिव्ह खिडकीच्या काचेवर शेजारी धरली. दुसरं जास्त काळवंडलेलं होतं. पण रेघ ताऱ्यांबरोबर सरकली होती आणि त्याच तीन ताऱ्यांच्या मधोमध वळत होती.