एका ओळीत उत्तर देणारे भाऊजी

आमचे भाऊजी, म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ, तीस वर्षं लिफ्ट तपासत आणि दुरुस्त करत आले. गुडघ्यांनी दगा दिला, शिडी चढवेना, तेव्हा कंपनीने सांगितलं, पदवी असेल तर ऑफिसात टेबल देतो, नाहीतर वर्षअखेरीस घरी बसा. पदवीचा त्यांचा एकच विषय तरुणपणापासून राहिला होता, ‘तत्त्वज्ञानाची ओळख’. संध्याकाळच्या कॉलेजात नाव घातलं आणि पहिल्या खेपेला शंभरात अकरा गुण घेऊन आले. आता शेवटची एक संधी.

मी तो पेपर पाहिला. ‘जग खरोखर आहे का? चर्चा करा.’ भाऊजींचं उत्तर: ‘आहे.’ ‘मनुष्याला इच्छास्वातंत्र्य आहे का? चर्चा करा.’ ‘नाही.’ ‘देवाचे अस्तित्व सिद्ध करता येते का? चर्चा करा.’ ‘तपासणी केली. आढळला नाही.’ प्रत्येक उत्तराखाली सही आणि तारीख.

“अहो भाऊजी, चर्चा करा म्हटलंय ना!”

“वहिनी, लिफ्टच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला चर्चा नको असते. आत जाऊ की नको, तेवढं सांगायचं.”

शिकवणाऱ्या बाई त्यांच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी बजावलं की दोन्ही बाजू मांडा, आणि जी पटत नाही तिचा सराव जास्त करा. म्हणजे भाऊजींनी ‘देव आहे’ म्हणायचं. मग समोर ‘नाही’ म्हणायला कोण? घरात सकाळी रिकामी मीच, असं सगळ्यांचं मत. मी तेव्हा भाजी निवडत होते.

पहिल्या दिवशी ‘देव नाही’ म्हटलं आणि चटकन मागे देव्हाऱ्याकडे वळून पाहिलं. हे वर्तमानपत्रामागून म्हणाले, “जरा मोठ्याने बोल. वरपर्यंत ऐकू जात नाही.”

रोज सकाळी प्रार्थना उरकायची आणि लगेच येऊन देवाच्या विरुद्ध बाजू लढवायची, असा माझा क्रम सुरू झाला. दुसऱ्या आठवड्यात जीभ सैल झाली. बोलता बोलता तोंडून निघून गेलं, “शिवणकाम करणाऱ्या शेजारणीचं अडीच वर्षांचं लेकरू तापाने गेलं. त्याने काय केलं होतं? देव होता, तर तेव्हा कुठे बघत होता?”

इतक्या वर्षांत हे मी कुणाजवळ बोलले नव्हते.

“वहिनी, ह्याला माझ्याकडे उत्तर नाही.”

“शोधा. पेपरात येईल.”

दुसऱ्या दिवशी ते खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, “लेकरू गेल्यावर त्या शेजारणीला महिनाभर कुणीतरी डबा पोचवत होतं. तो देवच म्हणायचा, असं लिहू?”

“तो डबा मी पोचवत होते.”

“मग लिहू की नको?”

“लिहा. पण माझं नाव नको. ‘एक शेजारीण’ म्हणा. आणि भाजी करपायची त्यात, तेही लिहू नका.”

परीक्षेत तोच प्रश्न आला. भाऊजी पास झाले, त्रेचाळीस गुण. टेबल मिळालं, वर पंखाही. त्यांनी बाईंकडून पेपर पाहायला मागितला आणि त्यातला शेरा मला जसाच्या तसा येऊन सांगितला: ‘नकाराची बाजू अत्यंत प्रभावी. होकाराची बाजू भावनिक, पण प्रामाणिक.’ शेवटी स्वतःचं मत द्यायचं होतं. तिथे भाऊजींनी लिहिलं होतं, ‘वहिनींना विचारून सांगतो.’ त्यावर बाईंनी लाल प्रश्नचिन्ह काढलं होतं.

“मग वहिनी, काय सांगू बाईंना?”

“आधी पेढे आणा,” मी म्हटलं, आणि आभार मानायला देवापुढे जाऊन बसले. नवस फेडल्यासारखं दोन वाक्यांत उठायचं, असंच ठरवलं होतं. हात जोडले. पण ज्याच्याविरुद्ध महिनाभर इतकं चोख बोलले, त्याच्याशी आज सुरुवात कुठून करायची, ते सुचेना. उठावंसंही वाटेना.

ह्यांनी त्या दिवशी चहा स्वतःच करून घेतला.