आक्काची अर्जी

माझ्या बायकोला जाऊन दीड महिना झाला. सून रोज सकाळी एकच विचारते, "बाबा, सोनाराकडं कधी जायचं?" आमच्याकडं गेलेल्या माणसाचा चांदीचा टाक करून देवघरात ठेवायची पद्धत आहे. रुपयाएवढ्या पत्र्यावर उठवलेली एक आकृती. नाकडोळे कुणाचेच ओळखू येत नाहीत, पण टाक देवघरात बसला की ते माणूस शांत होतं, कुठं फिरकत नाही, असं मानतात. मी सुनेला रोज सांगतो, "जरा थांब." का थांब, ते मात्र तोंडानं सांगता येत नाही. म्हणून लिहायला बसलो आहे, रोज अर्धं पान. घाई मला कधीच जमली नाही.

देवघरात एक टाक आधीपासून आहे. तो माझ्या मेहुणीचा, बायकोच्या मोठ्या बहिणीचा. सासरची नव्हे, माहेरची नव्हे, ही धाकट्या बहिणीच्या नवऱ्याच्या देव्हाऱ्यात कशी, असं घरी येणारी प्रत्येक जाणती बाई विचारते. पूर्ण उत्तर मी अजून कुणाला दिलेलं नाही.

गोष्ट मोगलाईतली, निजामाच्या राज्यातली. मी पाथरीला मामाच्या घरी राहून शिकत होतो. घरात मराठी, शाळेत सगळं उर्दू. मामाकडं येणाऱ्या लोकांना तहसिलीत द्यायच्या अर्ज्या लिहून देणं हे माझं काम होतं. सतराव्या वर्षी अर्जीचा सगळा थाट मला पाठ होता. आधी अर्जदार कोण, मग घडलं काय, मग मागणं काय, आणि शेवटी सरकारच्या दीर्घायुष्याची दुवा. चार मोठी माणसं मला मान देत. शेजारच्या घरातली पंधरा वर्षांची एक मुलगी मात्र देत नव्हती. ती मला 'मुन्शी' म्हणायची.

मामाचं माळवद, म्हणजे घरावरचं सपाट धाबं, आणि तिच्या घराचं माळवद एकमेकांना लागून होतं. मध्ये गुडघाभर भिंत. दुपारी ती सांडगे राखायला वर यायची, मी वाचायला.

"मुन्शी, त्या किताबीत काय लिव्हलंय?"

"एका बादशहाची गोष्ट आहे."

"काय करतो त्यो?"

"एका शहजादीसाठी रडतो."

"त्याला दुसरं काम न्हाई का?"

यावर काय बोलावं ते मला सुचायचं संध्याकाळी, खाली उतरल्यावर.

तिच्या थोरल्या बहिणीला ती आक्का म्हणायची. आक्काला मानवतकडच्या एका खेड्यात दिलं होतं. लग्नाला दोन वर्षं होत होती, तेवढ्यात ती तापानं गेली. "एका दिवसात खेळ आटोपला, निरोप धाडायला सवडच न्हवती," असं सासरच्यांनी सांगितलं. आई बैलगाडीनं पोचली तेव्हा राखसुद्धा निवली होती. वर्ष सरलं आणि त्याच घरातून, आक्काच्याच नवऱ्यासाठी, धाकटीला मागणी आली. घरची लेक घरातच राहील, असं दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांचं म्हणणं पडलं. धाकटीला कुणी विचारलं नाही.

एका दुपारी ती सांडग्यांकडं पाठ करून बसलेली दिसली. कावळ्यांनी पंगत मांडली होती.

"मला तिथं न्हाई जायचं," ती म्हणाली.

"मग घरात सांग."

"सांगितलं की. आई म्हणली, आक्का नांदलीच ना. बा म्हणले, पोरीच्या जातीनं लय बोलू न्हाई." तिनं एक खडा पाठीमागं कावळ्यांवर भिरकावला. "जित्या माणसाचं कुणी ऐकत न्हाई बघ. मेलेल्याचं समदी ऐकत्यात." आणि मग माझ्याकडं वळून, "मुन्शी, तू लिव्हून दे. मी बोलते."

तिनं सगळं ठरवून ठेवलं होतं. दुसरेपणावर जाणाऱ्या नवरीच्या गळ्यात पहिलीचा टाक बांधतात. नवं लुगडं, नवा दागिना आधी त्या टाकाला दाखवायचा आणि मग आपण वापरायचा, म्हणजे मेलेली सवत रुसत नाही. इथं सवत म्हणजे सख्खी बहीण. कुंकवाच्या, म्हणजे लग्न पक्कं करायच्या दिवशी आक्काची सासू तो टाक घेऊन येणार होती. टाक गळ्यात पडला की आक्कानं अंगात यायचं.

मी दोन दिवस खपून मसुदा केला. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून भिंतीपलीकडून मीच वाचून दाखवला. "मी मयत अमकी, राहणार मौजे अमुक, वय वर्षे अठरा, इन्साफासाठी हाजीर झाले आहे..."

ती इतकी हसली की खालून तिच्या आत्यानं विचारलं, "काय झालं गं?"

"काय न्हाई, कावळा!" तिनं ओरडून सांगितलं. मग हळू आवाजात मला म्हणाली, "आरं येड्या, भूत काय तहसिलीत आलंय का? आक्का असं बोलायची का कधी?"

"मग कसं बोलायची?"

"कमी बोलायची. आन् आधी माझं नाव घ्यायची."

मी 'मयत' खोडलं, 'हाजीर' खोडलं. मधल्या भागाशी येऊन मात्र दोघंही अडलो. घडलं काय, हे लिहायची ती जागा.

"माझ्यावर अन्याय झाला, एवढंच लिहिलंय," मी म्हणालो.

"काय झाला त्ये लिव्ह की."

"काय झाला ते आपल्याला ठाऊक कुठं आहे?"

ती जागा तशीच रिकामी राहिली. अशी अर्जी कुणी दाखल करून घेतली नसती, हे मला कळत होतं.

शेवटचं मागणं मात्र मी मन लावून लिहिलं होतं. "माझ्या बहिणीला या घरात देऊ नका. तिला जवळपासच्या, शिकल्यासवरल्या, सालस मुलाला द्या."

"शिकलेला म्हंजे कोण रे?"

"असाच कुणीतरी."

"आक्काला सालस पोरं वळखू येत्यात व्हय?"

मी पुस्तक उघडलं. ते उलटं धरलं होतं, हेही तिनंच दाखवून दिलं.

मग तालमी झाल्या. केस सोडायचे, डोळे मिटायचे, अंग घुमवायचं आणि हसायचं नाही. हसायचं नाही हेच तिला जमेना. एकदा मात्र तिनं घुमता घुमता एकदम डोळे उघडले आणि सरळ माझ्याकडं पाहिलं. माझ्या हातातला कागद खाली पडला. पुढं पुष्कळ पुस्तकं वाचली, त्या क्षणाचं नीट वर्णन कुठं सापडलं नाही. घाबरलो होतो एवढं नक्की, पण ते भुताला नव्हे.

कुंकवाचा दिवस आला. सकाळी कासारमावशी बांगड्या भरायला आली. ही बाई पाथरीपासून मानवतपर्यंतच्या गावांत बांगड्यांचा भार घेऊन फिरायची. सासरी गेलेल्या पोरींची ख्यालीखुशाली माहेरी पोचवायची ती तीच. तिच्या हातून बांगडी फुटली असं कुणी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मी पाण्याची घागर घेऊन दारातून जात होतो, तेवढ्यात एकापाठोपाठ तीन फुटल्या. बायका एकमेकींकडं बघू लागल्या. मावशी म्हणाली, "हात लय कडक हाय पोरीचा," आणि पदरानं डोळे पुसले. मी घागर ठेवून पुढं गेलो.

दुपारी पाहुणे आले. जावई भिंतीला टेकून खाली मान घालून बसला. तो अंगानं दांडगा आणि स्वभावानं गरीब माणूस होता. बायका आतल्या दारात, पुरुष सोप्यात आणि मी खांबाला धरून. सासूनं टाक काढला, हळदकुंकू लावलं आणि दोरा मुलीच्या गळ्यात बांधला.

ती घुमू लागली. तालमीतल्यापेक्षा फारच चांगली. मला अभिमान वाटला, हे कबूल करतो.

तिची आत्या धीट होती. ती पुढं झाली. "कोन हायस तू? काय पायजे तुला?"

मुलीनं आधी स्वतःचंच नाव घेतलं, लहानपणी लाडानं घेतात तसं. आत आईच्या हातून ताट पडलं. इथवर सगळं ठरल्याप्रमाणं. आता 'माझ्यावर अन्याय झाला' हे वाक्य येणार म्हणून मी ओठातल्या ओठात पुढचं म्हणू लागलो.

ती म्हणाली, "आई, तू का न्हाई आलीस?"

हे कागदावर नव्हतं.

"तीन दिस मी दाराकडं तोंड करून निजले. कासारमावशीच्या हाती सांगावा धाडला हुता, आईला म्हणावं मला न्यायला ये. तू का न्हाई आलीस?"

"मला कुणी सांगितलं न्हाई गं!" आई दारातच बसली. "कुणी सांगितलं न्हाई माझ्या बाळा!"

सगळ्यांनी कासारमावशीकडं पाहिलं. ती चुड्याची ओवाळणी घ्यायला थांबली होती. "व्हय," ती म्हणाली. "मला बोलली हुती. अंगात ताप हुता. पर निघताना ह्या बाईंनी मला आडवलं. म्हणाल्या, साधा ताप हाय, कामचुकारपणा करायलीय, उगं माहेरची माणसं घाबरी करू नगंस. मी गप बसले. चौथ्या दिशी कळलं, गेली. वरीस झालं, मला घास गोड लागंना."

सासू म्हणाली, "मला काय सपान पडलं हुतं, मरंल म्हणून?"

मग जावई उठला. "आई, तू मला म्हणलीस एका दिसात गेली. मी तवा चार दिस लांबच्या बैलबाजाराला गेलतो." त्याच्या आईनं तोंड फिरवलं. तो माझ्या भावी सासऱ्यांपुढं वाकला आणि म्हणाला, "मामा, ह्ये लगीन ऱ्हाऊ द्या. त्या घरात दुसरी लेक देऊ नका."

आत्यानं विचारलं, "आता काय पायजे बाई तुला?"

"मला घरी यायचंय," मुलगी म्हणाली आणि आडवी झाली.

आईनं तिच्या गळ्यातला टाक सोडला, पदरात बांधला आणि देवघरात नेऊन ठेवला. सासूनं परत मागितला नाही. आक्का अशी माहेरी आली.

तिसऱ्या दिवशी ती माळवदावर दिसली. मी भिंतीजवळ गेलो. "तुला ते कसं कळलं?"

"काय?"

"मावशीचं. निरोपाचं."

"तू लिव्हलं न्हवतंस का?"

"नाही!"

"मग आक्कानंच सांगितलं असंल," ती म्हणाली आणि सांडगे उलटू लागली.

मला दुसरंही एक दुःख होतं. शेवटचं मागणं, ते शिकल्यासवरल्या सालस मुलाचं, ती बोललीच नव्हती. ते विचारायचं धाडस मला झालं नाही. मी अर्ज्या लिहीत राहिलो, पुस्तकं सुलटी धरत राहिलो. दोन वर्षांनी तिला दुसरं स्थळ आलं, तेव्हा भर दुपारी, केस बांधलेले आणि डोळे उघडे असताना, तिनं आईला सांगितलं, "मला मुन्शीला द्या." लग्नानंतर मी विचारलं, "आक्काच्या तोंडून का नाही वदवलंस? तेव्हाच काम झालं असतं."

"त्ये कशाला आक्काच्या तोंडनं?" ती म्हणाली. "त्ये माझं हुतं."

पुढं तिची आई गेली, तेव्हा टाक आमच्याकडं आला. आणि 'कसं कळलं' हा माझा प्रश्न आयुष्यभर चालला. मला त्या तीन फुटलेल्या बांगड्या आठवायच्या. मावशीनं तेव्हाच कानात सांगितलं असेल, किंवा तिचे डोळे पाहून हिनं ताडलं असेल. मी तसं म्हटलं की ती म्हणायची, "लय हुशार हाव तुम्ही." दुसऱ्या दिवशी भांडण झालं की देवघराकडं बोट, "आक्काला समदं कळतं, आता तुमचं बी सांगंल." वकीलही हार जावा अशी साक्षीदार. तीन दिवस दाराकडं तोंड करून, हे तर मावशीलाही ठाऊक असायचं कारण नव्हतं, असं मी एकदा म्हणालो. त्या दिवशी तिनं नुसता चहा दिला.

शेवटच्या आजारात मी पुन्हा विचारलं. तिला बोलायला त्रास होत होता, पण हसू आलंच. "आता एवढं थांबलाव तर अजून थांबा. तिथं गेल्यावर आक्कालाच इचारते आन् येऊन सांगते."

आता टाक करून तिला देवघरात बसवलं आणि ती शांत झाली, तर यायची कशी? शिवाय मेलेलं माणूस तक्रार असल्याशिवाय येत नाही, हे मी स्वतः पाहिलेलं आहे. म्हणून मी आठवडाभर चहात दोन चमचे साखर घालतो आहे. ओला टॉवेल गादीवर टाकतो आहे. तिला सगळ्यात जास्त चीड होती ती देवघरात पुस्तकं ठेवण्याची, म्हणून काल चार जाड पुस्तकं आक्काच्या टाकाशेजारी नेऊन ठेवली.

आज सकाळी सुनेनं ती पाहिली. "बाबा, हे काय? आई असत्या तर केवढ्यानं ओरडल्या असत्या!"

"असू दे तिथंच," मी म्हणालो. "अजून दोन दिवस बघू."