अण्णांच्या बसवरचा लाल रंग

शिफ्ट संपवून उम्म अल हस्सम भागातल्या आमच्या फ्लॅटवर आलो आणि दारातच माझं डोकं फिरलं. शोकेसमधली अण्णांची पत्र्याची बस लालभडक! ऑइल पेंटचा वास घरभर.

अण्णा म्हणजे आमचे वडील. ते इथे आखातात फिटर होते, तेव्हा मनामाच्या बाजारातून त्यांनी ही जुनी खेळण्यातली बस घेतली. मूळची हिरवी, छापील खिडक्यांची. पुढच्या काचेच्या वर त्यांनी स्वतः बारीक ब्रशने निळ्या रंगात 'जय भीम' लिहिलं होतं. अण्णा गेले. त्यांच्या हातचं अक्षर आमच्याकडे तेवढंच उरलं होतं.

"हा उपद्व्याप कुणाचा?"

"माझाच, दादा," धाकटा भाऊ म्हणाला. "उद्या शुक्रवारी आमचे साहेब जेवायला येतायत. गंजकं खेळणं बरं दिसत नाही. नवीन करून टाकलं, खलास."

"खलास? तुझी अक्कल खलास झालीय!"

तो थिनरची बाटली घेऊन आला. "एवढा चिडतोस तर पुसून देतो की, दोन मिनिटांत." मी बाटली हिसकावलीच. थिनरने लाल रंग गेला असता आणि त्याच्याबरोबर खिडक्या, अण्णांचं अक्षर, सगळंच. गाढवाला एवढंही कळू नये!

मी त्याहून सौम्य टर्पेंटाइन काढलं. आधी बसच्या पोटाला, कुणाच्या नजरेस पडणार नाही तिथे, कापूस गुंडाळलेल्या काडीने थोडं लावून बघितलं. लाल सुटला, खालचा हिरवा हलला नाही. रंग अजून कच्चा होता हे नशीब. मग तेच काम धरलं. काडी घासायची नाही, नुसती फिरवायची. लाल झाली की फेकायची आणि सुक्या फडक्याने टिपायचं. मान अवघडली, तोंड मात्र चालूच होतं. भाऊ समोर बसून काड्यांना कापूस गुंडाळून देत होता.

छापील रंग भट्टीत भाजलेला, टर्पेंटाइनला तो टिकणारच. पण अण्णांचं अक्षर साध्या ऑइल पेंटचं. तिथे आलो तशी काडी आणखी हलकी धरली. काडीला निळं लागतंय का, दर वेळी उजेडात धरून बघत होतो. आणि तिथला लाल काही केल्या संपेना. बाकी सगळीकडे एकच पातळ हात होता, अक्षरांवर मात्र हातावर हात मारलेले.

"गंज तर मागे आहे. इथे का एवढं थापलंस?"

तो खाली बघत म्हणाला, "साहेब पुण्याकडचे आहेत रे. ऑफिसात आपलं कुणाला माहीत नाही. उगीच कशाला?"

माझ्या हातातली काडी मोडली. "बापाचं नाव लावतोस आणि बापाचं अक्षर झाकतोस? लाज कशी वाटली नाही रे तुला?" तो उठून आत गेला. मला रडू आलं, रागानेच आलं.

अक्षरं निघाली. 'म'ची कड तेवढी फिकी झाली.

शुक्रवारी मी बस मुद्दाम दर्शनी भागात ठेवली. साहेब हात धुऊन आले, शोकेससमोर थांबले आणि वाचलं.

"अच्छा," ते भावाकडे वळून हसले. "तुमच्या आडनावावरून कळत नाही हो."

भावाने मान खाली घातली.

"म्हणूनच वडिलांनी लिहून ठेवलंय," मी म्हणालो. "बसा, जेवण गार होतंय."