न चाखलेले मासे

आमच्या अल्सेशियन कुत्र्याच्या पाठीवरचे केस गळायला लागले तेव्हा मी अकरावीत होते. आधी शेपटीजवळ रुपयाएवढा डाग दिसला, मग तो कमरेपर्यंत पसरला. खाजवून खाजवून कुत्रा रक्त काढायचा. उन्हाळ्याचे दिवस, माशा सतत घोंघावत असायच्या. गल्लीतल्या एका गाईच्या जखमेत किडे पडलेले मी पाहिले होते. त्यामुळे रोज उठल्याबरोबर मी त्याची पाठ तपासायचे. बघायची भीती वाटायची आणि न बघण्याचीही.

परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं, कोंबडी आणि दूध त्याला सोसत नाही. "मासे द्या. नुसते उकडून, मीठमसाला काही घालू नका. एवढं मोठं जनावर आहे, जखमा चिघळल्या तर आवरणार नाहीत."

बाबा कचेरीत कारकून आणि देवळातल्या पूजेची पाळी आमच्या घरात. अंडंसुद्धा कधी उंबऱ्याच्या आत आलेलं नव्हतं. कुत्र्याचं कोंबडीचं खाणं बंद पाकिटातून यायचं. त्या गोळ्या दिसायला फुटाण्यांसारख्या, म्हणून चालून गेलं होतं.

बाबांनी नांदेडहून माशाचं चित्र असलेलं पाकीट आणलं. मोठ्या जातीच्या कुत्र्यांसाठी, असंही त्यावर होतं. घरात इंग्रजी वाचायचं काम माझं. मागच्या बारीक अक्षरांत माशाच्या आधी कोंबडीच लिहिलेली होती. मी पुन्हा वाचलं, कारण बाबांना ते सांगायचा धीर होईना. त्यांनी पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं. "मग माशाचं चित्र काहून काढलं?" ते माझ्याकडे बघून म्हणाले, जणू ते मीच काढलं होतं.

आता खरे मासे आणणं आलं. सिद्धेश्वरच्या धरणाचे ताजे मासे आमच्या हिंगोलीतच मिळायचे, पण आई म्हणाली, "ओलं नको गं. रक्त बघवायचं नाही मला. सुकं घेऊ, ते लाकडासारखं असतं म्हणे." मलाही ते बरं वाटलं. गावात कोणी पाहील म्हणून आम्ही दोघी कळमनुरीच्या आठवडी बाजाराला गेलो.

सुक्या मासळीच्या ढिगामागे एक म्हातारी बसली होती. मी ओढणी नाकापर्यंत घेतलेली, पण आईच्या गळ्यातली तुळशीची माळ उघडीच होती.

"कोनासाठी पाहिजे गं लेकरा?"

"कुत्र्यासाठी."

"व्हय, कुत्र्यासाठीच," ती शेजारच्या बाईला म्हणाली. "देवळावाल्यांकडं लई कुत्रे झालेत आजकाल."

दोघी हसल्या. माझे कान तापले. आई घाईघाईने म्हणाली, "खरंच कुत्रा आहे हो, वासराएवढा."

"मग जास्ती घ्या, माय. वासराला मूठभरानं काय होतंय?"

लोक वळून बघायला लागले तशी आईने पैसे देऊन मासळीची पिशवी उचलली आणि आम्ही निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी परसात तीन विटांची चूल मांडली. आईने नाकातोंडाला पदर बांधून जुन्या पातेल्यात मासे उकडले. मीठ घातलं नाही. त्याच पाण्यात मी भाकऱ्या कुस्करल्या. कुत्र्याने सगळं संपवलं आणि पातेलं चाटत अंगणभर फिरवलं. कितीतरी दिवसांनी तो असा जेवला होता.

दुपारी तो बादलीतलं पाणी प्यायला लागला तो थांबेचना. मग ओकला, पुन्हा प्यायला. उठताना मागचे पाय सरकले. अंगाखालची फरशी थरथरावी तसं त्याचं सगळं अंग थरथरत होतं. मी हाक मारली तर त्याने मान वळवली, पण भलत्याच बाजूला. आईने सुट्टी म्हणून झोपलेल्या बाबांना उठवलं.

बाबांनी परभणीला फोन लावला. "मासे खारवलेले होते का?" डॉक्टरांचा आवाज फोनबाहेर ऐकू येत होता.

"मीठ घातलंच नाही, साहेब. तुमी सांगितलं तसंच बराबर केलं."

"तुम्ही नसेल घातलं. माशात होतं का? चाखून बघा जरा."

आमच्याकडे स्वयंपाक चाखत नाहीत, आधी नैवेद्य. मीठ कमी की जास्त, ते आई नुसत्या वाफेच्या वासावरून ओळखायची, आणि तिचं कधी चुकायचं नाही. आज तिने नाकच बांधलं होतं. बाबा फोन धरून उभे, आई भिंतीला टेकलेली. मी परसात गेले. पातेल्याच्या तळाशी उरलेल्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. जीभ चरचरली.

"खूप खारट आहे," मी आत येऊन म्हणाले. मग मोरीत जाऊन चूळ भरली.

डॉक्टर म्हणाले, पाणी द्या, पण वाटीवाटीने. एकदम प्यायला तर मेंदूला सूज येईल. थरथर थांबली नाही तर जीप करून आणा.

बादली उचलून नेली तेव्हा तो तिच्यामागे फरफटत आला. मी वाटीभर पाजायचे आणि वाटी मागे लपवायचे. तो माझे हात हुंगायचा, कोरड्या जिभेने चाटायचा. आपण त्याला वाचवतोय की मारतोय, हे मला कळत नव्हतं. बाबा जीपवाल्याला सांगायला चौकात गेले. ते परत आले तेव्हा थरथर कमी झाली होती. ऊन उतरलं तसा तो स्वतःच उठला, चार पावलं चालला आणि तुळशीजवळ जाऊन बसला.

पुढे धरणाचा ताजा मासाच घेतला. बाजारात मीच जायचे. तो उकडून बोटांनी काटे काढायचे आणि आधी जिभेवर ठेवून बघायचे. बाबा तेवढ्यापुरते दुसरीकडे बघायचे. पावसाळ्यात त्याच्या पाठीवर नवी लव आली. कुत्रा छान झाला म्हणायचे लोक. पण जेवून तो पाण्याच्या भांड्याकडे वळला की मी त्याचे घोट मोजायचे. तो पिणं थांबवून तोंड वर करेपर्यंत मी तिथून हलायचे नाही.